विरजण जपणारी सत्तर वर्षे
हिंदुस्तान अँटिबायोटिक्स, पिंपरी : संस्थेचा इतिहास (१९५४ – २०२४)

सूक्ष्मजीवांच्या शास्त्रीय नावांमध्ये एक नाव आपल्या गावाचे आहे. ‘स्ट्रेप्टोमायसिस पिंपरिना’ हा मातीत वाढणारा एक सूक्ष्मजीव. त्याच्यापासून बुरशीच्या रोगांवर जे औषध मिळाले, त्याचे नाव ‘हॅमायसिन’ ठेवले गेले आणि त्या नावाच्या आरंभी एच आणि ए ही दोन अक्षरे आली. ही अक्षरे म्हणजे आपली एच.ए. गावाचे नाव जिवाला आणि कंपनीचे नाव औषधाला देण्याइतका विश्वास ज्यांच्या अंगी होता, त्या माणसांचा हा इतिहास आहे.

संस्थेचा इतिहास लिहिताना इमारती, यंत्रे, उत्पादने आणि आकडे सहज हाताशी येतात. एच.ए.च्या बाबतीत मात्र तेवढ्याने भागत नाही. या कारखान्याने सात दशकांत जितके बदल पचवले, तितके फार थोड्या कारखान्यांच्या वाट्याला आले असतील. परदेशी तंत्र आत्मसात करायचे, त्यावर स्वतःचे संशोधन उभे करायचे, एका औषधावरून अनेक औषधांकडे जायचे, संरक्षित बाजारातून खुल्या बाजारात उतरायचे आणि शेवटी आजारी उद्योग म्हणून पुन्हा उभे राहायची धडपड करायची. यातला प्रत्येक बदल दिल्लीच्या किंवा संचालक मंडळाच्या कागदावर ठरला असेल. तो घडवला मात्र तीन पाळ्यांत काम करणाऱ्या माणसांनी. म्हणून या लेखात दर दशकाला एकच प्रश्न विचारला आहे : हा बदल माणसांनी कसा पेलला?

पूर्वपीठिका

दुसऱ्या महायुद्धाने पेनिसिलीनचे सामर्थ्य जगाला दाखवले. अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी १९२८ साली पाहिलेली बुरशी ऑक्सफर्डच्या प्रयोगशाळेत औषध झाली. अमेरिकेतील पिओरिया येथे एका खरबुजावर सापडलेल्या बुरशीच्या वाणाने आणि मक्यापासून स्टार्च काढताना उरणाऱ्या पाण्याने तिचे उत्पादन कित्येक पटींनी वाढवले. भारतात मात्र स्वातंत्र्यानंतरही पेनिसिलीन परदेशातूनच येत होते. न्यूमोनिया झालेल्या बाळाचा किंवा बाळंतपणात जंतुसंसर्ग झालेल्या मातेचा जीव परदेशातून येणाऱ्या कुपीवर अवलंबून होता.

हे परावलंबन संपावे म्हणून ज्यांनी आग्रह धरला, त्यांत मेजर जनरल साहिबसिंग सोखी यांचे स्थान मोठे आहे. मुंबईच्या हाफकिन संस्थेचे ते पहिले भारतीय संचालक. पुढे ते जागतिक आरोग्य संघटनेत साहाय्यक महासंचालक झाले. औषधे देशातच, सार्वजनिक क्षेत्रात तयार व्हावीत, हा विचार त्यांनी स्वातंत्र्यापूर्वीपासून मांडला होता. १९५१ साली भारत सरकार, युनिसेफ आणि जागतिक आरोग्य संघटना यांच्यात करार झाला. त्यानुसार युनिसेफने यंत्रसामग्रीसाठी साडेआठ लाख डॉलर आणि जागतिक आरोग्य संघटनेने तांत्रिक साहाय्यासाठी साडेतीन लाख डॉलर देऊ केले. हे साहाय्य स्वीकारताना तंत्राबरोबर ते शिकण्याची सोयही मागितली गेली. परदेशी तज्ज्ञांनी येथे येऊन शिकवायचे आणि आपल्या माणसांनी बाहेर जाऊन शिकून यायचे, अशी ती योजना होती. माणसे घडवण्याचा विचार पहिल्या कागदातच होता, हे आज आवर्जून नोंदवावेसे वाटते.

कारखान्यासाठी जागा निवडली गेली ती मुंबई-पुणे रस्त्यालगतच्या पिंपरीची. त्या वेळी येथे ज्वारी-बाजरीची शेते होती. महाराष्ट्र राज्य अजून अस्तित्वात यायचे होते आणि औद्योगिक विकास महामंडळाची स्थापनाही पुढे १९६२ साली व्हायची होती. पिंपरी-चिंचवड ही उद्योगनगरी म्हणून जी आज ओळखली जाते, तिच्या पायाच्या पहिल्या दगडांत एच.ए.चा दगड आहे.

१९५४ ते १९६३ : शेतातून फर्मेंटरपर्यंत

१० मार्च १९५४ रोजी हिंदुस्तान अँटिबायोटिक्स लिमिटेड ही कंपनी स्थापन झाली. सार्वजनिक क्षेत्रातील देशातली ही पहिली औषध उत्पादक कंपनी. १९५५ साली पेनिसिलीनचे उत्पादन सुरू झाले.

पेनिसिलीन करणे म्हणजे एका अर्थाने विरजण लावणेच. प्रयोगशाळेतील नळीत जपलेली बुरशी आधी छोट्या टाकीत वाढवायची, मग ती हजारो लिटरच्या फर्मेंटरमध्ये सोडायची. तिला साखर, मक्याचे पाणी आणि जंतुविरहित हवा पुरवायची, तापमान सांभाळायचे आणि काही दिवसांनी द्रवात उतरलेले औषध वेगळे काढायचे. विरजण चांगले असेल तर दही लागते. त्यात दुसरे काही शिरले तर सगळे दूध नासते. फर्मेंटरचेही तसेच. एखादा व्हॉल्व्ह नीट वाफवला गेला नाही, एखाद्या सांध्यातून बाहेरची हवा शिरली, की पूर्ण बॅच कंटॅमिनेट होऊन गटारात सोडावी लागते.

या कामाला आली ती माणसे कोण होती? पिंपरी वाघेरे, चिंचवड, भोसरी, आकुर्डीच्या पंचक्रोशीतले शेतकरी तरुण, पुण्याच्या महाविद्यालयांतून बाहेर पडलेले विज्ञानाचे पदवीधर आणि देशाच्या निरनिराळ्या प्रांतांतून आलेले रसायनतज्ज्ञ व अभियंते. शेतावरच्या माणसाला वेळ कळत होती ती उन्हावरून आणि हंगामावरून. आता ती भोंग्यावरून कळू लागली. मातीत हात घालून जगलेल्या माणसाला डोळ्यांना न दिसणाऱ्या जंतूंवर विश्वास ठेवायचा होता. स्वच्छ दिसणारा हात निर्जंतुक नसतो, ही गोष्ट सांगून पटत नाही, अंगवळणी पडावी लागते. स्टराईल विभागात जाताना कपडे बदलायचे, डोके आणि तोंड झाकायचे, हालचाल सावकाश करायची, उगाच बोलायचे नाही, असे हे नवे सोवळे होते. एच.ए.च्या पहिल्या पिढीने हे सोवळे पाळले आणि आपल्यामागून आलेल्यांना हाताला धरून शिकवले. पहिल्या दशकातील सर्वांत मोठे उत्पादन कोणते, असे कुणी विचारले तर आम्ही पेनिसिलीनच्या आधी या माणसांचे नाव घेऊ.

१९५८ साली ‘हिंदुस्तान अँटिबायोटिक्स बुलेटिन’ हे संशोधनपत्र सुरू झाले. कारखाना सुरू होऊन उणीपुरी तीन वर्षे झाली असताना आपले निष्कर्ष छापून जगासमोर ठेवण्याची उमेद संस्थेने धरली. या काळातील संशोधनाचे मोठे श्रेय डॉ. एम. जे. तिरुमलाचार आणि त्यांच्या सहकाऱ्यांना जाते. मूळचे बुरशीशास्त्रज्ञ असलेल्या तिरुमलाचारांनी देशाच्या मातीत नवी प्रतिजैविके शोधण्याचा ध्यास घेतला आणि १९६१ च्या सुमारास हॅमायसिन जगासमोर आले.

त्याच सुमारास दुसरा मोठा बदल दारात उभा होता. अमेरिकेच्या मर्क कंपनीच्या तांत्रिक साहाय्याने १९६२ साली स्ट्रेप्टोमायसिनचे उत्पादन सुरू झाले. देशाचा राष्ट्रीय क्षयरोग कार्यक्रमही त्याच वर्षीचा. पेनिसिलीनवर हात बसलेल्या माणसांना पुन्हा विद्यार्थी व्हावे लागले. पेनिसिलीन द्रावकात ओढून काढायचे असते, तर स्ट्रेप्टोमायसिन आयन-विनिमय करणाऱ्या राळेच्या स्तंभांतून गाळून घ्यायचे असते. जीव वेगळा, त्याचा स्वभाव वेगळा, कामाची लय वेगळी. नवा प्लांट लवकर मार्गी लागला, कारण जुन्या प्लांटवर तयार झालेली जाणती माणसे तेथे होती. तंत्र नवे असले तरी शिस्त जुनी होती. जुन्या दह्याचा चमचा नव्या दुधात पडला होता.

१९६४ ते १९७३ : स्वतःचे संशोधन, स्वतःची वसाहत

या दशकात संस्थेच्या संशोधनाला चांगला बहर आला. १९६४ च्या सुमारास ऑरिओफंजिन हे नवे प्रतिजैविक हाती आले आणि त्याचा उपयोग माणसांपेक्षा पिकांच्या बुरशीजन्य रोगांवर अधिक झाला. डर्मोस्टॅटिन, अँटिअमीबिन अशी आणखी नावे या प्रयोगशाळेशी जोडली गेली. अँटिअमीबिन ज्या बुरशीपासून मिळाले, तिच्या शास्त्रीय नावात ‘पूनेन्सिस’ म्हणजे पुण्याची आठवण आहे.

संशोधन विभाग आणि उत्पादन विभाग यांचे नाते हा कोणत्याही कारखान्यातला नाजूक धागा असतो. प्रयोगशाळेत काचेच्या चंबूत जे साधते, ते मोठ्या टाकीत साधेलच असे नाही. संशोधकाला नव्याची ओढ असते, तर उत्पादनावरच्या माणसाला आजची बॅच सुखरूप बाहेर काढायची असते. दोघांचे म्हणणे आपापल्या जागी खरे असते. हा ताण मिटतो तो फर्मेंटरपाशी. रात्रपाळीच्या ऑपरेटरला फेसाच्या रंगावरून आणि वासावरून जे कळते, ते शास्त्रज्ञ ऐकून घेतो आणि त्या निरीक्षणामागचे कारण ऑपरेटरला समजावून सांगतो, तेव्हा बदल दोघांचा होतो. एच.ए.ची ताकद अशा देवाणघेवाणीत होती. अधिक औषध देणारा वाण निवडणे, त्याला नवे खाद्य मानवते का ते पाहणे, हे काम एका माणसाचे नव्हतेच. त्यात पदव्या असलेले होते, तसे केवळ अनुभवाची पदवी असलेलेही होते.

कारखान्याबरोबर वसाहत वाढली. एच.ए. कॉलनीत मराठी, तमिळ, कन्नड, बंगाली, हिंदी अशा भाषा एका मैदानावर खेळू लागल्या. शाळा आली, गणेशोत्सव आला. कामाच्या ठिकाणी झालेला बदल घरी पोहोचला तरच तो टिकतो, हे या वसाहतीने दाखवले. घड्याळाप्रमाणे वागणे, पाणी उकळून पिणे, मुलांना वेळच्या वेळी लस टोचणे या सवयी कॉलनीतल्या घरांतून आसपासच्या वस्त्यांत गेल्या. ४ मार्च १९७० रोजी पिंपरी-चिंचवड नगरपालिका स्थापन झाली आणि गावांचे शहर होऊ लागले. एच.ए. त्या वेळी सोळा वर्षांची होती.

१९७४ ते १९८३ : एका औषधावरून अनेक औषधांकडे

१९७० चा पेटंट कायदा १९७२ पासून लागू झाला आणि देशातील औषध उद्योगाचे चित्र पालटले. १९७५ साली जयसुखलाल हाथी यांच्या अध्यक्षतेखालील समितीने आपला अहवाल दिला. औषध उद्योगात सार्वजनिक क्षेत्राने पुढाकार घ्यावा, असा त्या अहवालाचा सूर होता. एच.ए.ची जबाबदारी वाढली.

पेनिसिलीनपासून पुढे अँपिसिलीनसारखी अर्धकृत्रिम औषधे करण्याचा हा काळ. आतापर्यंत सूक्ष्मजीव जे देत होता ते शुद्ध करायचे होते. आता त्यात रसायनशास्त्राने भर घालायची होती. कॅप्सूल, गोळ्या, इंजेक्शने यांच्या यादीत नवी नावे येत गेली. एकाच औषधाच्या कुप्या भरणारी माणसे आता दर काही दिवसांनी उत्पादन बदलू लागली. एका औषधाचा कणही दुसऱ्यात जाता कामा नये. पेनिसिलीनची ॲलर्जी असलेल्या रुग्णाच्या जिवाशी तो खेळ होईल. त्यामुळे धुणे, पुसणे, तपासणे, नोंद करणे आणि सही करणे या कामांचे महत्त्व उत्पादनाइतकेच झाले. उजेडासमोर कुपी धरून तिच्यात एखादा तंतू किंवा काचेचा कण तरंगतो का, हे पाहणारे डोळे, लेबल सरळ लागले का हे बघणारी बोटे, खोकी मोजणारे हात यांच्याविना एकही औषध रुग्णापर्यंत गेले नसते. या स्त्री-पुरुषांची नावे कोणत्याही शोधनिबंधावर छापली गेली नाहीत. या लेखाच्या निमित्ताने संस्था त्यांना नमस्कार करते.

याच काळाच्या अखेरीस संस्थेने आपला अनुभव इतर राज्यांना दिला. राज्य सरकारांच्या सहकार्याने नागपूर आणि बेंगळुरू येथे उपकंपन्या उभ्या राहिल्या. नागपूरची महाराष्ट्र अँटिबायोटिक्स आणि बेंगळुरूची कर्नाटक अँटिबायोटिक्स ही त्यांची नावे. पुढे इंफाळपर्यंत हे काम पोहोचले. अशी उपकंपनी उभी राहते तेव्हा मूळ कारखान्याचा अनुभव माणसांबरोबर प्रवास करतो. बेंगळुरूची कंपनी आजही उत्तम चालली आहे, याचा पिंपरीला घरच्या लेकीचे भले झाल्यासारखा आनंद आहे.

११ ऑक्टोबर १९८२ रोजी पिंपरी-चिंचवड महानगरपालिका झाली. शेजारी संत तुकाराम नगर, वल्लभनगर, नेहरूनगर, खराळवाडी या वस्त्या भरत गेल्या.

१९८४ ते १९९३ : शेजार वाढला, स्पर्धा आली

हे दशक वरून पाहता स्थैर्याचे. आत मात्र बदलाचे वारे सुरू झाले होते. देशात खासगी औषध कंपन्या मोठ्या झाल्या. त्यांची विक्रीची रीत वेगळी होती. सरकारी रुग्णालयांना मोठ्या प्रमाणावर पुरवठा करण्याची सवय असलेल्या संस्थेला आता डॉक्टरांच्या दारापर्यंत आणि औषधांच्या दुकानांपर्यंत जायचे होते. कारखान्यात उत्तम माल करणे आणि बाजारात तो खपवणे ही दोन वेगळी कौशल्ये आहेत, हा धडा याच काळातला. विक्री विभागातील सहकाऱ्यांनी बॅगा घेऊन जिल्ह्याजिल्ह्यांत केलेली पायपीट उत्पादनाच्या आकड्यांत दिसत नाही, पण ती या इतिहासाचा भाग आहे.

शेतीच्या उत्पादनांनी याच वाटेवर हात दिला. स्ट्रेप्टोमायसिन आणि टेट्रासायक्लिन यांच्या मिश्रणातून झालेले ‘स्ट्रेप्टोसायक्लिन’ महाराष्ट्रातल्या शेतकऱ्यांच्या तोंडी बसले. डाळिंबावरच्या तेल्या रोगाशी झुंजणाऱ्या सोलापूर-नाशिककडील बागायतदाराला पिंपरीचा कारखाना ठाऊक नसेल, पण ती छोटी पुडी तो ओळखतो. क्षयरोग्यासाठी शिकलेले तंत्र शेतापर्यंत पोहोचवणे, हाही एक बदलच होता आणि तो संस्थेने स्वतःहून घडवला.

शेजारच्या संत तुकाराम नगरात महानगरपालिकेचे यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालय उभे राहिले. आपण ज्यांच्यासाठी औषध करतो ती माणसे आता भिंतीपलीकडेच दिसू लागली. म्हाडाच्या इमारती, शाळा, बाजार यांनी हा परिसर गजबजला. एच.ए.मध्ये नोकरी करणारे आणि संत तुकाराम नगरात राहणारे अशी कित्येक कुटुंबे या काळात दोन्ही ठिकाणांना आपले मानत होती.

१९९१ च्या आर्थिक धोरणाने मात्र पायाखालची जमीन हलली.

१९९४ ते २००३ : कसोटीचे दशक

आयात खुली झाली, जकाती उतरल्या आणि चीनमधून स्वस्त पेनिसिलीन येऊ लागले. प्रचंड क्षमतेच्या त्या कारखान्यांशी किमतीत टक्कर देणे देशातल्या बहुतेक उत्पादकांना जड गेले. चाळीस वर्षे ज्या औषधाने संस्थेची ओळख घडवली, तेच करणे परवडेनासे झाले. १९९७ साली संस्था औद्योगिक आणि वित्तीय पुनर्रचना मंडळापुढे आजारी उद्योग म्हणून गेली.

या दशकाविषयी लिहिताना लेखणी जड होते. तरीही ते टाळणे योग्य नाही, कारण बदलाची मानवी बाजू सर्वांत स्पष्टपणे येथेच दिसते. पहिल्या चार दशकांतला प्रत्येक बदल काहीतरी नवे शिकण्याचा होता. हा बदल हातातले सोडण्याचा होता. नवे यंत्र शिकवायला प्रशिक्षक मिळतो. ज्या फर्मेंटरशेजारी उमेदीची वर्षे गेली तो बंद होताना पाहायला कुणी शिकवत नाही. त्या माणसाला पगाराइतकीच काळजी असते ती आपल्या कसबाची. तीस वर्षांत वासावरून बॅच ओळखायला शिकलेल्या माणसाला त्या वासाची आता गरज नाही असे सांगणे सोपे नसते. घरी मुलांची शिक्षणे, मुलीचे लग्न, घराचे हप्ते असतात. स्वेच्छानिवृत्तीच्या अर्जावर सही करताना मागे-पुढे सारे दिसत असते.

अशा काळात संस्था टिकते ती तीन गोष्टींवर. जे घडणार आहे ते माणसांना वेळेवर आणि खरे सांगितले जाणे, ही पहिली गोष्ट. अर्धवट बातमीने होणारा त्रास वाईट बातमीपेक्षा मोठा असतो. दुसरी गोष्ट म्हणजे जाणाऱ्याचा निरोप सन्मानाने होणे, कारण राहणारे तो पाहत असतात आणि आपला उद्या त्यात शोधत असतात. तिसरी गोष्ट म्हणजे मधल्या फळीने, म्हणजे सुपरवायझर, फोरमन, विभागप्रमुख आणि कामगार प्रतिनिधी यांनी दोन्ही बाजूंना ऐकत राहणे. मते वेगळी होती आणि ती आग्रहाने मांडली गेली. पण कारखाना वाचला पाहिजे यावर सर्वांचे एकमत राहिले. कठीण दिवसांतही स्टराईल विभागाची शिस्त सुटली नाही, याचे श्रेय त्या वेळच्या सर्व कामगार, कर्मचारी आणि अधिकाऱ्यांना एकत्रितपणे द्यावे लागेल.

२००४ ते २०१३ : पुन्हा उभे राहताना

२००६ साली केंद्र सरकारने संस्थेच्या पुनरुज्जीवनाची योजना मंजूर केली. त्याच वर्षी सार्वजनिक औषध कंपन्यांसाठी खरेदी प्राधान्य धोरण आले. २०१३ साली १०३ औषधांच्या यादीसह ते पुन्हा लागू झाले. सरकारी खरेदीत या कंपन्यांच्या औषधांना स्थान मिळाले.

दरम्यान औषधनिर्मितीचे नियम कडक झाले होते. ‘शेड्यूल एम’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या सुधारित अटी २००५ पासून सर्वत्र सक्तीच्या झाल्या. हवा किती वेळा बदलली पाहिजे, भिंती आणि फरशी कशी असावी, माल आणि माणूस कोणत्या दाराने यावा-जावा, प्रत्येक कृतीची नोंद कशी ठेवावी, हे सारे नव्याने बसवावे लागले. संस्थेचा भर आता मूळ औषध तयार करण्यावरून इंजेक्शने, गोळ्या, कॅप्सूल आणि सलाईन अशा तयार औषधांवर आला.

फर्मेंटेशन विभागातून फॉर्म्युलेशनकडे आलेली माणसे पन्नाशीत नवे काम शिकली. टाकीचा माणूस कुपीकडे आला. कागदाची रीत बदलली, संगणकावर नोंदी आल्या. येथे एक गोष्ट पुन्हा दिसली. नवे नियम ज्यांनी पटकन उचलले, त्यांत जुन्या स्टराईल शिस्तीत वाढलेली माणसे पुढे होती. नियमाचे नाव नवे होते. त्यामागची काळजी त्यांच्या हाताला जुनी होती. १९५५ चे विरजण पन्नास वर्षांनीही आंबट झाले नव्हते.

२०१४ ते २०२४ : निरोप आणि नवी जबाबदारी

जानेवारी २०१६ मध्ये एच.ए.च्या मैदानावर ८९ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले. श्रीपाल सबनीस अध्यक्ष होते. ज्या मैदानावर कॉलनीची मुले क्रिकेट खेळली, तेथे मराठी वाचकांचा मेळा भरला. कारखान्याच्या दृष्टीने ते दिवस ओढाताणीचे होते. तरीही आपल्या अंगणात शहराने एवढा मोठा सोहळा करावा, याने अनेक जुन्या कामगारांचे मन भरून आले.

डिसेंबर २०१६ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने सार्वजनिक औषध कंपन्यांविषयी निर्णय घेतला. जास्तीची जमीन विकून देणी फेडावीत आणि पुढे एच.ए.ची धोरणात्मक विक्री करावी, असे त्याचे स्वरूप होते. जुलै २०१९ मध्ये चार औषध कंपन्यांच्या कामगारांची थकीत वेतने आणि स्वेच्छानिवृत्ती यांसाठी ३३०.३५ कोटी रुपयांचे साहाय्य मंजूर झाले. त्यातील १५८.३५ कोटी वेतनासाठी आणि १७२ कोटी स्वेच्छानिवृत्तीसाठी होते. या आकड्यांमागे थांबलेल्या घरखर्चांची, उसनवारीची आणि धीराने काढलेल्या महिन्यांची मोठी गोष्ट आहे. त्या महिन्यांत ज्यांनी काम केले, त्यांच्या घरातल्या माणसांनीही ही संस्था चालवली. पत्नीने वाढवलेली शिवणकामे, मुलाने शिकत असताना धरलेली नोकरी, किराणा दुकानदाराने लांबवलेली उधारी यांची नोंद ताळेबंदात होत नाही. येथे ती कृतज्ञतेने करतो.

मार्च २०२० मध्ये कोविडची साथ आली. जंतू मारणारे द्रव हे घराघराची गरज झाले. संस्थेने सॅनिटायझरचे उत्पादन वाढवले. ‘हालरब’ हे नाव लोकांच्या ओळखीचे झाले. शेजारचे यशवंतराव चव्हाण रुग्णालय रुग्णांनी भरून गेले होते, नेहरूनगरच्या अण्णासाहेब मगर मैदानावर जंबो रुग्णालय उभे राहिले. भिंतीच्या दोन्ही बाजूंना माणसे दिवसरात्र काम करत होती. कमी मनुष्यबळात, प्रवासाच्या अडचणीत आणि घरच्यांच्या काळजीत त्या दिवसांत जे कामावर आले, त्यांनी १९५५ च्या पिढीचा वारसा सांभाळला.

त्याच साथीने देशाला आणखी एका गोष्टीची जाणीव करून दिली. मूळ औषधांसाठी परदेशावर विसंबून राहणे किती धोक्याचे आहे, हे सर्वांना दिसले. २०२० साली केंद्र सरकारने देशात मूळ औषधे बनवण्यासाठी प्रोत्साहन योजना आणली आणि तिच्या यादीत पेनिसिलीन जी होते. सोखींच्या पिढीने जो प्रश्न विचारला होता, तो सत्तर वर्षांनी पुन्हा विचारला गेला. फर्मेंटेशनचे कसब एकदा तुटले की पुन्हा जोडायला एक पिढी लागते, हे एच.ए.इतके कुणाला ठाऊक नसेल.

६ मार्च २०२२ रोजी पुणे मेट्रो सुरू झाली. संत तुकाराम नगर हे तिच्या पहिल्या स्थानकांपैकी एक. उन्नत मार्गावरून जाणाऱ्या प्रवाशाला खाली जुन्या वृक्षांचा हिरवा पट्टा दिसतो. त्या झाडांतली कित्येक कॉलनीच्या पहिल्या पिढीने लावलेली आहेत.

आजचे कार्य आणि पुढची वाट

आज संस्था इंजेक्शने, गोळ्या, कॅप्सूल, सलाईन, जंतुनाशके आणि शेतीसाठीची उत्पादने तयार करते. सरकारी आरोग्य यंत्रणांना पुरवठा हा तिच्या कामाचा मोठा भाग आहे. माणसांची संख्या पूर्वीपेक्षा पुष्कळ कमी आहे. कायम कामगार निवृत्त होत आहेत, त्यांच्या जागी वेगळ्या अटींवर आलेली तरुण मंडळी काम करीत आहेत. दोन पिढ्यांच्या कामाच्या अपेक्षा, बोलण्याची पद्धत, भविष्याविषयीची कल्पना सगळेच वेगळे आहे. पुढचा बदल नेमका या दोन पिढ्यांमध्ये आहे.

या सात दशकांतून संस्थेच्या हाती एक गोष्ट लागली. बदल यशस्वी झाला तेव्हा नव्याच्या शेजारी थोडे जुने जाणीवपूर्वक ठेवलेले होते. स्ट्रेप्टोमायसिनच्या प्लांटवर पेनिसिलीनची माणसे होती. नव्या नियमांच्या विभागात जुन्या सोवळ्यातले हात होते. जेथे जाणती माणसे एकाच वेळी निघून गेली आणि त्यांच्याकडून काही मागून घ्यायला वेळ उरला नाही, तेथे नवी यंत्रे असूनही काम अडले.

म्हणून या सत्तर वर्षांच्या निमित्ताने निवृत्त सहकाऱ्यांना एक विनंती आहे. तुमच्या डायऱ्या, जुने फोटो, पाळीच्या नोंदवह्या, प्रशिक्षणातल्या टिपणांच्या वह्या जपून ठेवा आणि त्या संस्थेला दाखवा. महिन्यातून एकदा कॉलनीत या, तरुण ऑपरेटरांशी बोला. वाफेचा व्हॉल्व्ह किती वेळ उघडा ठेवायचा, हे पुस्तकात सापडते. तो बंद करताना हाताला काय जाणवले पाहिजे, हे तुम्हीच सांगू शकता. तरुण सहकाऱ्यांनाही सांगणे आहे : विचारा, न संकोचता विचारा. उत्तर द्यायला आसुसलेली माणसे संत तुकाराम नगरच्या बागेत संध्याकाळी फिरायला येतात.

घरात रोज दही लागते, कारण आदल्या रात्री कुणीतरी चमचाभर बाजूला काढून ठेवलेले असते. सत्तर वर्षांपूर्वी मक्याच्या पाण्यात वाढवलेल्या एका बुरशीवर ही संस्था उभी राहिली आणि ती टिकली ती अशाच चमचाभर माणसांवर.